अमेरिकेतल्या शाळेच्या पुस्तकात इमिग्रंट येतात, पण पुढे जातात कुठे?

मागून वाचणाऱ्यांसाठी प्रश्न आधी थोडक्यात सांगते. प्रश्न विचारणारं हे भारतीय कुटुंब कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेहून टेक्सासमध्ये डॅलसजवळ शिफ्ट झालं, मुलगी अकरावीत, वर्ष अर्धं झालेलं. दोन्हीकडे यूएस हिस्टरीच, पब्लिशरही तोच, पण इमिग्रेशनचा चॅप्टर दोन पुस्तकांत वेगवेगळा निघाला. मुलगी विचारतेय की यातलं खरं कुठलं. वडलांना खटकलंय ते जरा निराळं, की दोन्ही पुस्तकांत भारतीय माणूस जेमतेम दोन-तीन ओळीत आहे, तोही पार शेवटी, डॉक्टर आणि सॉफ्टवेअरवाला म्हणून. मग शाळेत तक्रार करायची का घरीच काय ते शिकवायचं, असा प्रश्न.

मी बे एरियातल्या एका पब्लिक हायस्कूलला बरीच वर्षं अकरावीला यूएस हिस्टरी शिकवते, आणि डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, पुस्तक निवडायच्या कमिटीवरही काम केलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, लांबेल, पण विषय तसाच आहे.

आधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगून टाकते. मुलगी रेग्युलर यूएस हिस्टरीला आहे का एपीला, यावर बरंच ठरतं. एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचा कोर्स, कॉलेज बोर्ड नावाच्या संस्थेचा, परीक्षा देशभर एकच, तिथे राज्य बदललं तरी फार फरक पडत नाही. रेग्युलर असेल तर टेक्सासमध्ये टीक्स म्हणून राज्याची स्टँडर्ड्स आहेत, शेवटी स्टार नावाची राज्याची परीक्षा आहे, आणि पुस्तक ती स्टँडर्ड्स समोर ठेवून लिहिलेलं असतं. कॅलिफोर्नियात आठवीपर्यंतची पुस्तकं राज्याचं बोर्ड मंजूर करतं, नववी ते बारावीची डिस्ट्रिक्ट स्वतः निवडतं, पण पब्लिशर लिहितात ते राज्याचं २०१६ चं फ्रेमवर्क बघूनच. आणि या सगळ्याच्या वर शिक्षक असतो. चांगला शिक्षक वर्गात पुस्तक निम्मंच वापरतो, बाकी त्याची स्वतःची हँडआउट्स, जुनी पत्रं, कोर्टाचे निकाल, फोटो. त्यामुळे नुसतं पुस्तक बघून मुलगी काय शिकतेय याचा अंदाज बांधू नका, आधी तिची वही आणि वर्गातलं साहित्य मागून घ्या.

आता मुलीचा प्रश्न, खरं कुठलं. दोन्ही राज्यं एवढी मोठी गिऱ्हाइकं आहेत की पब्लिशर एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या काढतात. जानेवारी २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अशा जोड्या शेजारी ठेवून लेख केला होता, त्यात इमिग्रेशनच्या भागात टेक्सासच्या आवृत्तीत बॉर्डर पेट्रोलच्या एका एजंटचं म्हणणं होतं आणि कॅलिफोर्नियाच्या आवृत्तीत एका डोमिनिकन-अमेरिकन कुटुंबावरच्या कादंबरीतला उतारा. आता यात खोटं काहीच नाही, एजंट पण खरा आणि कुटुंबाची घालमेल पण खरी. मुलीला तसंच सांगा. पण पुढे हेही सांगा की एका पुस्तकाने भीती दाखवली, दुसऱ्याने माया दाखवली, आणि दोन्ही वाचून इमिग्रेशन म्हणजे लोकांना इमिग्रंटबद्दल काय वाटतं एवढंच डोक्यात राहतं. मला अशा पानांवर नेहमी जे कमी पडतं ते म्हणजे कायदा. तो एजंट त्या रेषेवर कुठल्या साली, कुठल्या कायद्याने उभा राहिला, ते कुटुंब कुठल्या कोट्यात आलं, त्याच्या शेजारच्या देशातल्या माणसाला तो कोटा का नव्हता, आणि या कायद्याशी कोण भांडलं. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे. पुस्तकात आपल्या किती ओळी आहेत हे मोजून फार काही कळत नाही, त्या ओळींत कायदा दिसतो का आणि त्या कायद्याशी झगडणारा माणूस दिसतो का ते बघायचं.

चिनी लोकांचं उदाहरण घ्या, कारण त्यांना हल्ली सगळ्या पुस्तकांत जागा आहे, म्हणजे ओळींची तक्रार तिथे नाहीच. साधारण मजकूर असा असतो: सेंट्रल पॅसिफिक रेल्वे बांधायला हजारो चिनी कामगार आले, सिएराच्या डोंगरात बोगदे खणले, खूप कष्ट केले, मग त्यांच्याविरुद्ध भावना वाढली आणि १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी घालणारा चायनीज एक्स्क्लूजन अ‍ॅक्ट आला. एक परिच्छेद, बरेचदा एक फोटो, विषय संपला. आता यात काय नाही ते बघा. जून १८६७ मध्ये याच कामगारांनी, हजारोंनी, डोंगरात संप केला, महिना ४० डॉलर पगार आणि कमी तास मागितले, आणि कंपनीच्या चार्ल्स क्रॉकरने त्यांचं अन्नधान्य वर जाणं बंद करून आठवडाभरात तो मोडला. हे नसेल तर मुलांच्या डोक्यात चिनी कामगार म्हणजे गप्प राबणारा माणूस एवढंच बसतं. "भावना वाढली" हे वाक्य तर मी वर्गात फळ्यावरच लिहिते आणि विचारते, कोणाची वाढली, कोणी वाढवली, निवडणुकीत कोणाला त्याचा फायदा झाला. आणि १८८२ नंतर चिनी लोक पुस्तकातून नाहीसेच होतात, जणू कायदा झाला आणि सगळे बोटीत बसून परत गेले.

ते गेले नव्हते. १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या मेमी टेप नावाच्या आठ वर्षांच्या मुलीला शाळेने दारातून परत पाठवलं म्हणून तिचे आईवडील कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १८८५ मध्ये जिंकले, आणि शहराने मग चिनी मुलांसाठी वेगळी शाळा काढून तो निकाल वळवून घेतला. १८८६ मध्ये यिक वो या लाँड्रीच्या केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्याची भाषा सगळ्यांना सारखी असली तरी तो एकाच वंशाच्या लोकांवर चालवला तर चालणार नाही. १८९५ मध्ये वाँग किम आर्क, सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला स्वयंपाकी, चीनला जाऊन आला तर बंदरावरच अडवला, तो लढला आणि इथे जन्मलेलं मूल इथलं नागरिक हे त्याच्या केसमुळे १८९८ मध्ये पक्कं झालं. आपल्या किती घरांत आईवडील व्हिसावर आणि मूल सिटिझन आहे, ते त्या स्वयंपाक्यामुळे. आजही जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर वाद पेटला की वकील त्याचंच नाव घेतात. असा माणूस पुस्तकात कुठे असायला हवा, समासातल्या चौकटीत का मुख्य मजकुरात, हे तुमच्या मुलीला विचारा, ती बरोबर उत्तर देईल.

या समासातल्या चौकटींबद्दल बोलायलाच हवं कारण मल्टिकल्चरलिझम म्हणून पुस्तकात जे येतं ते बहुतेक तिथेच येतं. मुख्य गोष्ट आधीच ठरलेली, प्रेसिडेंट, युद्धं, कारखाने, आणि कडेला रंगीत चौकोनात कोणी काय दिलं: जर्मनांनी हे दिलं, इटालियनांनी ते, मेक्सिकन लोकांनी खाणं आणि संगीत. लग्नातल्या आहेराच्या वहीसारखी यादी. ती यादी काढून टाका असं मी म्हणत नाही, मुलांना आपलं नाव पुस्तकात दिसलं की बरं वाटतं, मी वर्गात ते चेहरे बघितलेत आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. पण ज्या माणसाची जागा देण्याघेण्याच्या यादीतच आहे तो घरचा होत नाही, आणि मुलं हे न सांगता शिकतात. चौकट मुख्य मजकुराला धक्का लावत नाही, ती काढून टाकली तरी चॅप्टर तसाच वाचता येतो, हीच तिची अडचण आहे.

दुसरी एक गोष्ट, ही टेक्सासमध्ये राहणाऱ्यांनी तर जरूर बघावी. इमिग्रेशनच्या चॅप्टरमध्ये कोणाकोणाला बसवलंय? २०१५ मध्ये ह्यूस्टनजवळच्या एका विद्यार्थ्याने मॅग्रॉ-हिलच्या जिऑग्रफीच्या पुस्तकातल्या एका नकाशाचा फोटो आईला पाठवला. इमिग्रेशनच्या भागातला नकाशा, आणि खाली लिहिलेलं की अटलांटिकमधल्या गुलामांच्या व्यापाराने आफ्रिकेतून लाखो कामगार दक्षिणेतल्या मळ्यांवर आणले. आईने ते फेसबुकवर टाकलं, देशभर चर्चा झाली, कंपनीने चूक कबूल केली, ऑनलाइन आवृत्ती लगेच बदलली आणि छापील पुस्तकांसाठी स्टिकर आणि नव्या प्रती देऊ केल्या. लोकांच्या लक्षात राहिलं ते "कामगार" म्हटल्याचं, पण मला जास्त गंभीर वाटलं ते त्या नकाशाची जागा. साखळदंडाने आणलेली माणसं इमिग्रंटच्या पंगतीत बसवली की अमेरिका म्हणजे सगळे कुठून ना कुठून आलेले असं एक गोड वाक्य तयार होतं आणि त्यात जबरदस्ती विरघळून जाते. तसंच १८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गोच्या तहानंतरचं. आजचं कॅलिफोर्निया आणि आजूबाजूचा मोठा मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला, टेक्सास त्याच्या आधीच गेलेला, तिथे राहणारे मेक्सिकन लोक कुठेच आले नव्हते, ते घरात होते आणि सरहद्द हलली. पुस्तक जर त्यांना इमिग्रेशनच्या चॅप्टरमध्ये पहिल्यांदा आणत असेल तर पुढच्या दीडशे वर्षांची गोष्ट मुलांना उलटी कळते. टेक्सासच्या बोर्डाला हे कळत नाही असंही नाही, २०१६ मध्ये मेक्सिकन-अमेरिकन इतिहासावरचं एक पुस्तक, ज्यात त्या लोकांना आळशी ठरवणारा मजकूर होता, याच बोर्डाने एकमताने नाकारलं. तेव्हा शिक्षक, प्राध्यापक आणि पालक पानापानावरच्या चुकांची यादी घेऊन गेले होते. हे लक्षात ठेवा, तक्रारीच्या भागात परत लागेल.

आता आपल्या दोन-तीन ओळी. तुम्हाला वाटतंय की आपण उशिरा आलो म्हणून ओळी कमी आहेत, हे मला बहुतेक भारतीय पालक सांगतात. पण आपण उशिरा आलो नव्हतो, आपल्याला मध्ये जवळजवळ बंदी होती. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमला लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या पंजाबी मजुरांना, बहुतेक शीख, जमावाने घरांतून ओढून काढून गावाबाहेर घालवलं. १९१२ मध्ये स्टॉकटनला गुरुद्वारा उभा राहिला. १९१३ मध्ये ऑरेगनमधल्या अ‍ॅस्टोरियाला गदर या ब्रिटिशांविरुद्धच्या चळवळीची सुरुवात झाली, सॅन फ्रान्सिस्कोतून पेपर निघायला लागला, आणि त्यात आपल्याकडचे दोघं होते: तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे, जे परत गेले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये कर्तारसिंग सराभांबरोबर लाहोरला फाशी गेले, आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, जे पुढे मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. पिंगळ्यांचं नाव महाराष्ट्रात शाळेत कधीतरी कानावरून गेलेलं असतं, पण ते अमेरिकेत शिकायला आले होते, इथल्या इमिग्रंट मजुरांच्या चळवळीतून ते घडले, हे आपल्या मुलांना ना तिकडच्या पुस्तकात मिळतं ना इकडच्या. मी गदर शिकवते तेव्हा पिंगळे आवर्जून घेते, मराठी मुलं एकदम ताठ बसतात.

१९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा बंद केला, त्यात भारत आला. मग १९२३ चा भगतसिंग थिंद खटला, हा माझ्या मते प्रत्येक अमेरिकन पोराने वाचायला हवा. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. तेव्हाच्या कायद्यात बाहेरून आलेल्यांपैकी फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांना नागरिक होता यायचं. १९२२ मध्ये कोर्टाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सांगितलं की गोरा म्हणजे कॉकेशियन (त्या काळच्या वंशशास्त्रातला एक गट), तू त्यात नाहीस. तीन महिन्यांनी थिंद म्हणाले की तुमच्याच शास्त्राप्रमाणे मी कॉकेशियन आहे, तर कोर्ट म्हणालं शास्त्र राहू दे, सामान्य माणसाला तू गोरा वाटत नाहीस. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती एकच, जॉर्ज सदरलँड. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांचं नागरिकत्व सरकारने काढून घ्यायला सुरुवात केली. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित, त्यांच्यावरही तीच केस झाली, ते स्वतःसाठी लढले आणि जिंकले, आणि त्यांच्या निकालानंतर सरकारला तो उद्योग आवरता घ्यावा लागला. हे नाव मला आजपर्यंत एकाही शालेय पुस्तकात सापडलेलं नाही आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

पण थिंद खटला शिकवताना मी एक गोष्ट झाकत नाही. थिंद यांच्या बाजूने युक्तिवाद असा होता की ते उच्च जातीचे आहेत, आर्य आहेत, खालच्या जातीशी रक्त मिसळू देत नाहीत, म्हणून ते गोऱ्यांसारखेच. म्हणजे वंशभेदाच्या दारातून आत जायला जातीची चावी वापरली. याच्या सात वर्षं आधी, मे १९१६ मध्ये, त्याच देशात न्यूयॉर्कला कोलंबियात विद्यार्थी असलेल्या बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेवर आपला निबंध वाचला होता. मी या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी वर्गात ठेवते. आपली मुलं अस्वस्थ होतात, व्हायला हवीत. इमिग्रंट म्हणजे कायम बिचारा किंवा कायम कर्तबगार असं दाखवलं की तो माणूस राहत नाही, आणि पुस्तकं नेमकं तेच करतात, कधी द्वेषाने, कधी भलेपणाने.

१९४६ मध्ये भारतीयांना नागरिक व्हायचा हक्क मिळाला आणि वर्षाला १०० जणांचा कोटा, हो, अख्ख्या देशासाठी शंभर. दहा वर्षांनी दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून काँग्रेसवर निवडून गेले. आणि मग १९६५, जिथे आपल्या त्या दोन ओळी सुरू होतात.

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. पुस्तकातली ओळ साधारण अशी: १९६५ च्या कायद्याने जुने भेदभावाचे कोटे गेले, आशियातून शिकलेले कष्टाळू लोक आले आणि यशस्वी झाले. आपल्याला ही ओळ आवडते, आपण ती मुलांना जेवताना सांगतो, आम्ही मेरिटवर आलो. आता कायदा उघडून बघा. जुने कोटे म्हणजे १९२४ चे, ज्यात १८९० च्या जनगणनेत त्या त्या देशातून आलेले जितके लोक होते त्यांच्या दोन टक्के असा आकडा मुद्दाम धरला कारण त्यानंतर इटलीतून आणि पूर्व युरोपातून फार लोक आले होते आणि ते नको होते. १८९० ला परदेशात जन्मलेले लोक १४.८ टक्के होते, १९७० पर्यंत ते ४.७ वर आले. ही घसरण आपोआप झालेली नाही, ती घडवली, आणि पुस्तकात एलिस आयलंड, म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरातलं इमिग्रंट तपासायचं बेट, आणि आजचा काळ यांच्यामध्ये एक पान उलटतं त्या पानात ती हरवते. १९६५ मध्ये पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला वर्षाला २०,००० पर्यंत जागा झाल्या. त्यातल्या बहुतेक जागा आधीच इथे असलेल्यांच्या घरच्यांसाठी आणि थोड्या जागा शिकलेल्या पेशेवाल्यांसाठी. भारतीयांचे घरचे इथे होतेच कुठे, इतकी वर्षं दार बंद होतं, त्यामुळे सुरुवातीला आले ते डॉक्टर, इंजिनियर, शास्त्रज्ञ. म्हणजे भारतीय समाज इथे शिकलेला दिसतो कारण गाळणी तशी होती. आपल्या लोकांनी कष्ट केले यात वाद नाही, माझ्या घरातही केले. पण भारतातून आलेला सगळाच माणूस हुशार आणि मेक्सिकोतून आलेला सगळाच मजूर असं मुलांना दिसतं तेव्हा त्यामागे दोन वेगळी दारं आहेत हे पुस्तक सांगत नाही.

आणि दुसरं दार त्याच सुमारास बंद होत होतं. १९४२ ते १९६४ ब्रसेरो म्हणून सरकारी करार होता, त्यात मेक्सिकन शेतमजुरांची ४६ लाख कंत्राटं झाली, लोक कायदेशीर यायचे, पीक काढायचे, परत जायचे. १९६४ ला तो संपला. १९६५ च्या कायद्याने पश्चिम गोलार्धावर पहिल्यांदाच वर्षाला १,२०,००० ची मर्यादा घातली, १९७६ मध्ये तिथेही देशाला २०,००० आले. शेतं तीच, मालक तेच, मजूर तेच, पण आता त्यांना बेकायदेशीर म्हणायला लागले. ज्या कायद्याने आपण आलो त्याच कायद्याने हे केलं. माझ्या वर्गात एका बाकावर त्या मजुरांची नातवंडं आणि शेजारच्या बाकावर आपल्या इंजिनियरांची मुलं बसतात, आणि त्यांना हे एकत्र कळतं तो तास मला वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शिवाय तो कायदा सिव्हिल राइट्सच्या लाटेवर आला, १९६४ ला सिव्हिल राइट्स अ‍ॅक्ट, १९६५ च्या ऑगस्टमध्ये व्होटिंग राइट्स, ऑक्टोबरमध्ये इमिग्रेशनचा, जॉन्सननी सही स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या पायाशी बसून केली. पुस्तकात मात्र काळ्या लोकांची चळवळ एका चॅप्टरमध्ये आणि आशियाई लोकांचं आगमन दुसऱ्याच युनिटमध्ये, त्यामुळे आपल्या मुलांना कळतच नाही की मतदानाच्या हक्कासाठी सेल्माला मार खाणाऱ्या काळ्या लोकांशी आपल्या व्हिसाचा काही संबंध आहे. आजचा एच-वन-बी व्हिसा आणि ग्रीन कार्डवरची सात टक्क्यांची देशवार मर्यादा, जिच्यात आपले लोक वर्षानुवर्षं अडकलेत, हे दोन्ही पण १९९० च्या कायद्यातून आलं. मुलीला हे सांगा, तिला एकदम कळेल की हा चॅप्टर तिच्या घरातल्या फाइलमध्ये अजून चालू आहे.

तर आत्तापर्यंतचं थोडक्यात: दोन पुस्तकांत खरं-खोटं असं फारसं नसतं, निवड असते, आणि ओळी मोजण्यापेक्षा कायदा आणि त्याच्याशी लढणारी माणसं मजकुरात आहेत का, कोणाला कुठल्या चॅप्टरमध्ये बसवलंय आणि कायद्याच्या तारखेनंतर ते लोक दिसतात का, एवढं बघितलं की पुस्तक कळतं.

घरी काय करता येईल. दोन्ही पुस्तकं असतील तर शेजारी ठेवा, कॅलिफोर्नियाचं ऑनलाइन लॉगिन बंद झालं असेल तर मैत्रिणीकडून त्या पानांचे फोटो मागवा. एक कागद घ्या, मधे वर्षं लिहा, १८८२, १९१७, १९२४, १९४२, १९४३, १९४६, १९६५, १९९०. १९४२ ला दोन गोष्टी आहेत, ब्रसेरो सुरू झाला आणि जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना, त्यातले दोन तृतीयांश अमेरिकन नागरिक, छावण्यांत टाकलं. १९४३ ला चिनी बंदी उठली कारण चीन युद्धात अमेरिकेच्या बाजूने होता. डावीकडे टेक्सासचं पुस्तक त्या वर्षाबद्दल काय म्हणतं, उजवीकडे कॅलिफोर्नियाचं, आणि खाली मूळ कागद. थिंद निकाल आठ-दहा पानांचाच आहे, अकरावीची मुलगी आरामात वाचते. साडा, म्हणजे साउथ एशियन अमेरिकन डिजिटल अर्काइव्ह, तिथे त्या काळातली पत्रं, फोटो, पेपरची कात्रणं फुकट बघता येतात. एलिस आयलंड पुस्तकात असतंच, त्याच्या जोडीला एंजल आयलंड घ्या, सॅन फ्रान्सिस्कोजवळचं तसंच तपासणीचं बेट. एलिसवर बहुतेकांना काही तासांत सोडायचे, एंजलवर लोक आठवडे, महिने अडकून पडायचे आणि चिनी लोकांनी बराकीच्या लाकडी भिंतींवर कविता कोरल्या. १९७० मध्ये इमारत पाडायची ठरली होती, एका रेंजरने त्या ओळी बघितल्या म्हणून वाचली. हे सगळं एका वीकेंडला होणार नाही आणि करायचीही गरज नाही, एक वर्ष घ्या आणि त्यावर नीट बोला.

तक्रारीबद्दल. आधी शिक्षकाला भेटा, आणि तक्रार म्हणून जाऊ नका, विचारा की या युनिटला पुस्तकाशिवाय काय वापरता, थिंदची केस घेता येईल का. टेक्सासमध्ये २०२१ च्या कायद्यानंतर शिक्षक वादग्रस्त विषयांना घाबरून असतात, पण सुप्रीम कोर्टाचा निकाल हा मूळ दस्तऐवज आहे, तो वाचायला देणं बहुतेकांना सोपं जातं. पुस्तकाबद्दलच लिहायचं असेल तर आमच्या समाजाचा अपमान झालाय किंवा आमच्यावर अजून लिहा असं लिहू नका, अशी पत्रं कमिटीवर असताना मी खूप वाचलीत आणि त्यावर करण्यासारखं काही नसतं. पान नंबर लिहा, वाक्य जसंच्या तसं उतरवा, त्यात काय चुकलंय किंवा गळलंय ते एका ओळीत, त्याला आधार म्हणून मूळ कागद, आणि त्या जागी बसेल असं तुमचं वाक्य, तेवढ्याच लांबीचं. लांबी महत्त्वाची आहे, पब्लिशर पान वाढवत नाहीत पण वाक्य बदलतात. पत्र डिस्ट्रिक्टच्या सोशल स्टडीजच्या को-ऑर्डिनेटरला आणि एक प्रत पब्लिशरला. राज्याचं बोर्ड स्टँडर्ड्स किंवा पुस्तकं बघतं तेव्हा लोकांची साक्ष घेतं, तिथे दोन-तीन मिनिटं बोलता येतं, एकटे जाण्यापेक्षा मेक्सिकन, चिनी, व्हिएतनामी पालकांना बरोबर घेऊन जा, कारण तुमचा मुद्दा त्यांचाही आहे.

एक गोष्ट मनात आहे ती लिहूनच टाकते. कॅलिफोर्नियात २००५-०६ ला आणि परत २०१६ च्या आसपास सहावी-सातवीतल्या प्राचीन भारताच्या भागात धर्म आणि जात कशी मांडायची यावरून आपल्या समाजातून शेकडो लोक सुनावण्यांना गेले, दोन्ही बाजूंनी. त्या वादात मी इथे पडत नाही. पण अकरावीचं यूएस हिस्टरीचं पुस्तक आमच्या डिस्ट्रिक्टने लोकांना बघायला ठेवलं होतं, आठवडे ठेवलं होतं, तेव्हा भारतीय पालक मला अगदी मोजके दिसले. आपली मुलं ज्या देशाची नागरिक आहेत त्या देशाच्या इतिहासात ती कुठे आहेत हे त्या पुस्तकात ठरतं, आणि तिथे आपण जात नाही. तुम्ही तो चॅप्टर उघडून प्रश्न विचारलात म्हणून मला एवढं लिहावंसं वाटलं.

टेक्सासच्या पुस्तकाचं नाव, आवृत्तीचं वर्ष आणि इमिग्रेशनच्या चॅप्टरची पानं इथे टाका, मुलगी एपीला आहे का रेग्युलरला तेही सांगा, म्हणजे पत्रासाठी कुठली वाक्यं धरायची ते मी बघून सांगते.